आधी बियाला, मग चहाला

मोरीजवळचं गवती चहाचं बेट कापायला घेतलं की खातूनला सासू आठवायची. विळा फिरला, वास सुटला, की चांदबी शेजारी येऊन बसल्यागत व्हायचं. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण वासाला काय त्याचं!

एके काळी निमोणे गावात चांदबीचा केवढा मान! साऱ्या आळीचं शाळूचं बियाणं तिच्या घरात. मडक्यात बियाचा एक थर, सावलीत वाळवलेल्या गवती चहाचा एक थर, असं भरायचं आणि तोंड शेणमातीनं लिंपायचं. भादव्यात उघडलं तर दाणा जसाच्या तसा. किडा औषधालासुद्धा सापडायचा नाही. बाया म्हणायच्या, चांदबीच्या हाताला गुण हाय.

खातून दौंडच्या रेल्वे चाळीत वाढलेली. तिथं चहाशिवाय सकाळ उजाडत नसे. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी, छप्पन्न सालच्या चैत्रात, चांदबी लेकीच्या बाळंतपणाला पाबळला निघाली. घरचं मडकं भरून झालं होतं, शेजारच्या हौसरावांचं राहिलं होतं. ते काम तिनं सुनेवर सोपवलं. खातूनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण पोरगी पडली काटकसरी! खळ्यावरच्या माणसांना तिनं त्याच पात्यांचा गुळाचा चहा पाजला आणि उकळलेला पाला सावलीत वाळवून मडक्यात भरला. वाळल्यावर तो तसाच तर दिसत होता. एका पाल्यात दोन कामं झाली म्हणून बाई महिनाभर स्वतःवरच खूश होत्या.

भादव्यात हौसरावांचं मडकं उघडलं. आत नुसता भुगा, आणि त्यात किडे वळवळतायत. हौसरावांनी मडकं उपडं करून पाहिलं. पेरणी तोंडावर आलेली आणि घरात पेरण्याजोगा दुसरा दाणा नाही.

चांदबीनं चिमूटभर पाला उचलून हुंगला आणि सुनेकडे एकदा पाहिलं. आता आळीदेखत आपला उद्धार होणार आणि दौंडला रवानगी होणार, असं खातूननं धरूनच ठेवलं.

"भाऊ, चूक माझी," चांदबी म्हणाली. "हात म्हातारा झाला."

आणि घरचं एकुलतं एक मडकं तिनं हौसरावांपुढं ठेवलं. त्या साली घरच्या रानात बाजारचा शाळू पडला. तीन पिढ्या जपलेलं बी घराबाहेर गेलं ते गेलंच.

माणसं पांगल्यावर ती सुनेला एवढंच बोलली, "पोरी, किडा पाल्याला भीत न्हाई, वासाला भितो. वास तर तू खळ्यावर पाजलास. आधी बियाला, मग च्याला."

पुढं चांदबीकडं कुणी बियाणं ठेवलं नाही. किडे मारायची डब्यातली पावडर आली, लोक ती बियाला चोळू लागले. चांदबी रिकाम्या मडक्यांकडं बघत बसायची. आळीला खरं सांगून टाकावं, असं खातूनला रोज वाटे, पण जीभ रेटत नसे. सासू गेली आणि ते मनातच राहिलं. त्याची तिला फार लाज वाटे.

आणि आज, सदुसष्ट साली, हौसराव मडकं घेऊन दारात उभे! गेल्या वर्षी पावडरीचं सांडलेलं बी टिपून त्यांच्या सहा कोंबड्या मेल्या होत्या. तेव्हापासून बायको ती पावडर उंबऱ्याच्या आत येऊ देईना.

"एवढं भरून दे, सूनबाई," ते म्हणाले. "तुझ्या सासूनंच दिलेलं बी हाय हे. दरसाल तेच राखून पेरतोय."

खातूननं हातातला विळा खाली ठेवला.

"आबा, तवा चूक अम्माची नव्हती. माझी व्हती. मी पाला उकळून भरला व्हता."

हौसराव ओट्यावर टेकले. मडक्यावरून त्यांनी हात फिरवला.

"आन् मी गावभर सांगत फिरलो," ते म्हणाले, "चांदबीचा हात गेला म्हणून."

खातूनला रडू आवरेना. त्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, आज चावडीवर जाऊन खरं काय ते सांगतो, उशीर झालाय तरी सांगतो. यंदा यातलं निम्मं बी तुमच्या रानात पडू दे.

खातूननं डोळे पुसले आणि चुलीवर आधण ठेवलं. चहात तिनं डब्यातली पत्ती टाकली. कापलेला गवती चहा तिनं आधीच सावलीत पसरून ठेवला होता. त्यातल्या एका पात्यालाही तिनं हात लावला नाही.