लिनुसची दाढी

शेजारच्या लिनुसची दाढी वाढायला लागली तेव्हा मी आधी मनावर घेतलं नाही. पुरुषमाणसांना आळस येतो. माझ्या नवऱ्यालाही, मोहनला, सुट्टी लागली की यायचा. पण ही दाढी वाढतच गेली, आणि तिच्याबरोबर माझी काळजीही.

लिनुस स्वीडनचा. इथे मिल्टन कीन्सच्या आइस हॉकी संघात विंगर आहे. म्हणजे बर्फाच्या मैदानात कडेकडेने सुसाट जायचं, ती काळी रबरी चकती मधल्या माणसाकडे पोचवायची आणि गोल त्याने करायचा. हे मला त्यानेच कुंपणावरून समजावून सांगितलं होतं. "म्हणजे कष्ट तुझे आणि पेढे त्याला," मी म्हटलं. पेढे म्हणजे काय ते सांगावं लागलं, पण मुद्दा त्याला पटला. त्याच्या देशातल्या मोठ्या लीगमध्ये तो काही वर्षं खेळला. एकदा राष्ट्रीय संघाच्या सरावालाही बोलावलं होतं, पण निवड झाली नाही. मग डेन्मार्क, मग नॉर्वे; दर वर्षी नवा करार, नवं गाव, नवं भाड्याचं घर. शेवटी इकडे आला आणि टिकला. आता सदतिशीचा आहे. तुमच्याआमच्यात या वयात माणूस प्रमोशनची वाट बघतो, यांच्यात म्हातारा म्हणतात.

मोहन गेला तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी दारातून कार्डं सरकवली. लिलीची फुलं, सोनेरी अक्षरं. एकानेही आत येऊन विचारलं नाही की, नीना, दोन घास खाल्लेस का. मला त्याचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. लिनुसने कार्ड टाकलं नाही. त्या आठवड्यात माझे कचऱ्याचे डबे कोणीतरी रस्त्यावर नेऊन ठेवले होते, पुढच्या आठवड्यातही ठेवले, आणि मग मला कळलं की हा ठेवतो. आजही ठेवतो. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

तर असा हा माणूस एप्रिलच्या सुरुवातीला घराबाहेर पडेनासा झाला. रोज रेडवेवरून, म्हणजे इथल्या सायकलवाटेवरून, सायकल मारत सरावाला जायचा, ते बंद. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा नाही, कांदा परतल्याचा वास नाही. पुढच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून पडलेला असायचा. मी डोकावत नव्हते, पडदाच उघडा होता. सकाळ-संध्याकाळ फोनवर हळू आवाजात त्यांच्या भाषेत बोलायचा. आणि त्याच्या वडिलांना हृदयाचं दुखणं आहे, नाताळात स्टेंट टाकला, हे मला माहीत होतं.

मी लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, मधुमतीला, फोन लावला. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या देशात आलो, त्यामुळे असले विषय तिच्याशीच बोलायचे.

"अगं, ही हॅजन्ट शेव्ह्ड फॉर वीक्स," मी म्हटलं. "आणि खाली गादी टाकून बसलाय. कुकिंगसुद्धा नाही."

"कोणी गेलं का त्यांच्याकडे?"

"वडील हार्ट पेशंट आहेत त्याचे."

"मग झालंच की. अँड यू आर सिटिंग देअर? पिठलं-भात घेऊन जा त्याच्याकडे."

"त्यांच्यात असं काही नसतं गं."

"नसू दे. आपल्यात असतं ना? शेजारी तू आहेस."

हे मात्र मला पटलं. मी बेसन कालवलं, जिरं-मोहरीची फोडणी केली, तिखट हात आखडून घातलं. भाताला कुकर लावला. सुतकाच्या घरी बेल वाजवायची नाही म्हणून दोन्ही पातेली घेऊन मागच्या दाराने गेले आणि काचेवर टकटक केली. भर दुपार होती.

लिनुस लंगडत आला. दाढी छातीकडे निघालेली, डोळे सुजलेले. माझी तर खात्रीच पटली. मी पातेली ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, "लिनुस, तुझ्या वडिलांचं फार वाईट झालं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी जेवण आणतात. तू बोलू नकोस, फक्त खा."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्या वडिलांना काय झालं?" तो म्हणाला. "तुला कोणी कळवलं?"

धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं. मी घाईघाईने सांगितलं की मला कोणी काही कळवलेलं नाही, मी फक्त त्याची दाढी बघितली, गादी बघितली, आणि माझा मीच अर्थ लावला. पण त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्याने फोन लावला होता. पलीकडे रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"सकाळी बोललो होतो," तो म्हणाला. "या वेळी ते घरीच असतात. फोन उशाशी असतो."

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतःला मनातल्या मनात असतील नसतील तेवढ्या शिव्या दिल्या. एक धडधाकट जिवंत माणूस मी पिठल्यासकट मारून ठेवला होता, आणि आता तो फोन उचलत नव्हता.

"मग ही दाढी कशाची?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"प्लेऑफची. बाद फेरी सुरू झाली की हरेपर्यंत कोणी दाढी करत नाही. सगळी टीम."

"मग तुम्ही अजून हरला नाहीत?"

"हरलो. बाकीच्यांनी त्याच दिवशी केली."

"आणि तू?"

तो फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी केली की संपलं, नीना. माझं कायमचं."

त्याचं खुब्याचं हाड झिजलं होतं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की आता पुरे, नाहीतर पुढे नीट चालणंसुद्धा अवघड होईल. जमिनीवर सपाट पडलं की तेवढं बरं वाटायचं, म्हणून ती गादी. क्लब अजून एक वर्ष द्यायला तयार होता, पण त्याने मनाशी ठरवलं होतं, नाही.

"मग क्लबला सांगून टाक ना."

"क्लबला सांगणं सोपं आहे."

अवघड होतं ते वडिलांना. ते कागदाच्या गिरणीत होते. हिवाळा लागला की मागच्या अंगणात पाणी सोडून पोरासाठी बर्फ तयार करायचे. रात्रपाळी करून आले की न झोपता त्याला गाडीतून सरावाला न्यायचे. तो देश सोडून आला तरी त्याची एकही मॅच त्यांनी चुकवली नव्हती. लॅपटॉपवर बघायचे आणि संपली की फोन करून कुठे चुकलास, कुठे बरा खेळलास, सगळं सांगायचे. आई केव्हाच गेली होती. स्टेंटनंतर तर त्यांना दुसरं काही उरलंच नव्हतं.

"रोज विचारतात, पुढच्या सीझनचं काय ठरलं," लिनुस म्हणाला. "आज सकाळीही विचारलं. मी म्हटलं, बघू. आणि आता समज त्यांना..."

त्याने परत फोन लावला आणि आम्ही दोघं ती रिंग ऐकत बसलो. मनातल्या मनात मी मोहनला सांगितलं, तिकडे कोणी स्वीडनचे गृहस्थ आले असतील तर त्यांना लगेच परत पाठव. हसायचं असेल तर हसा, पण त्या वेळी मी अगदी मनापासून सांगितलं.

"हे बघ," मी लिनुसला म्हटलं, "त्यांनी फोन उचलला की बाकी काही बोलायचं नाही. आधी हे सांगायचं."

"त्यांना धक्का बसला तर?"

"तुला आत्ता बसला तेवढा नाही बसणार."

मी ताटली शोधली, भात वाढला, वर पिठलं घातलं आणि चमचा त्याच्या हातात दिला. तो मुकाट्याने खायला लागला. भूक लागलेल्या माणसासारखा नाही, सांगितलेलं काम उरकावं तसा. अर्धं ताट झालं असेल आणि फोन वाजला.

पलीकडून म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला. तळ्यावर गेले होते, तिकडे अजून बर्फ आहे, त्याला भोक पाडून मासे धरत बसले होते आणि फोन गाडीत राहिला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की लिनुसने डोळे मिटले आणि टेबलाची कड घट्ट धरली. तो हसला, बहुतेक माझ्या पिठल्याची हकीकत सांगितली, कारण पलीकडे म्हाताराही मोठ्याने हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तो एकच वाक्य बोलला. लहानसं होतं.

मग म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं, दोन-तीन शब्द. लिनुस बोलायला लागला आणि बोलता बोलता त्याचा मोकळा हात आधी खुब्यावर गेला, मग गुडघ्यावर. मग डाव्या खांद्यावर, जबड्यावर, बरगडीवर. मग त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला आणि पहिल्या हाताची न वाकणारी बोटं स्वतःच बघत बसला. मला त्यांची भाषा येत नाही, पण कळायचं काही राहिलं नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा दाढी ओली झाली होती.

"काय विचारलं त्यांनी?"

"कुठे कुठे दुखतं."

"बस, एवढंच?"

"आमच्यात हे विचारत नाहीत, नीना. आणि कोणी सांगतही नाही. क्लबसुद्धा बाहेर कळवताना फक्त कमरेखालची दुखापत म्हणतो, नाहीतर समोरचे नेमके तिथेच धडकतात. त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. लहानपणी दात पडला तेव्हासुद्धा नाही."

"मग आज का विचारलं?"

त्याने ताटली बाजूला सरकवली.

"म्हणाले, मॅचनंतर तू फोन घेऊन खुर्चीत बसायचास तेव्हा तुझा श्वास अडकायचा, तो मला इकडे ऐकू यायचा. कितीतरी वर्षं ऐकतोय. पण विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग बाप म्हणून मला तुला थांब म्हणावं लागलं असतं. आणि मला तुला खेळताना बघायचं होतं."

एवढं बोलून त्या धिप्पाड माणसाने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तो हमसून हमसून रडला. मी त्याला रडू दिलं. मलाही रडू आलं. ते कोणाकोणासाठी होतं, हे मी शोधत बसले नाही.