दुधावरचा फेस

तिने चमचा बाबांच्या ओठांपासून बाजूला घेतला आणि त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली. कंठमणी वर गेला, जरा अडला, मग खाली आला.

"गिळलं?"

बाबांनी मान हलवली.

"आ म्हणा."

"आऽ."

"अजून एकदा."

"आऽऽ. झालं... समाधान?"

आवाज कोरडा होता. ओला, घरघरता आला असता तर दूध अजून गळ्यातच रेंगाळतंय असं समजायचं, हे तिला गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तिने पुढचा चमचा भरला. टेबलाखाली तिचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता. तिच्या हे ध्यानीमनीही नव्हतं, पण समोर दाढी करत बसलेल्या नवऱ्याने पाहिलं.

"बघा मास्तर, लेक शोभते तुमची," तो म्हणाला. "ब्रेक दाबून बसलीय."

बाबा मोटार चालवायला शिकवायचे. उभं आयुष्य त्यांनी घाबरलेल्या माणसांच्या शेजारच्या सीटवर, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून काढलं होतं. म्हणून जावयासकट सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. आता त्यांची उजवी बाजू पक्षाघाताच्या झटक्यात लुळी पडली होती. चालणं काठीने का होईना परत आलं, बोलणं तुटक तुटक का होईना परत आलं. गिळणं मात्र धड परत आलं नाही.

"पातळ काही द्यायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पाणी नाही, चहा नाही, नुसतं दूध तर नाहीच. ही पावडर घालायची आणि मधाइतकं दाट करायचं. पातळ पदार्थ भलत्या वाटेने फुप्फुसात उतरतो."

"पण तसं झालं तर ठसका लागेल ना? कळेल ना आम्हाला?"

"लागला तर बरंच. काहींना लागत नाही. गुपचूप उतरतं, आणि ताप चढला की मगच कळतं."

त्या 'गुपचूप'ने तिची झोप उडवली. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना तिला ते आठवायचं, आणि हातातलं काम टाकून ती घरी फोन लावायची. ताप आहे का? छाती भरल्यासारखी वाटते का? बाबा पलीकडून म्हणायचे, "नाही गं बाई, नाही." नवरा तिला हवालदार म्हणायचा. ती हसायची, आणि तासाभराने परत फोन लावायची.

त्यात त्या पावडरीच्या गुठळ्या. चमच्याने कितीही ढवळा, दोन-चार राहायच्याच. एका सकाळी त्यातलीच एक बाबांच्या घशात बसली. डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले, आणि आवाज म्हणून काही बाहेर पडेना. तिने पाठीत धपाट्यांवर धपाटे घातले तेव्हा कुठे वाटाण्याएवढी गुठळी टेबलावर पडली. बाबा शांत झाले, पण ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. त्यानंतर ती दूध काट्याने घुसळायची, गाळणीने गाळायची, परत घुसळायची. मनगट सुजलं.

शेवटी नवऱ्याने एक खोकं आणून तिच्यापुढे ठेवलं.

"हे काय आता?"

"कॉफीवाल्यांचं भिरभिरं. दुधाला फेस आणतात ना, ते. आत दोन बॅटऱ्या घालायच्या आणि बटण दाबायचं. तुझ्या गुठळ्यांचा कर्दनकाळ."

हातात मावेल अशी दांडी, तिच्यातून निघालेली लांब सळई आणि टोकाला तारेचं एवढंसं वेटोळं. तिला ते खेळणं वाटलं. पण बटण दाबल्यावर ते घूंऽऽ करत दुधात शिरलं आणि गुठळ्या बघता बघता नाहीशा झाल्या. दूध दाटत गेलं की त्याचा आवाज जड व्हायचा, चढावर गाडी दमावी तसा. तो जड आवाज ऐकला की तिला जरा हायसं वाटायचं.

बाबांना मात्र काही हायसं वाटत नव्हतं. अर्धा ग्लास झाला की ते तोंड फिरवायचे.

"खळ आहे... ही," ते म्हणायचे. "पोस्टर... चिकटवायची."

"असू दे. घ्या."

"तू घे... बघू."

तिने एकदा घेतली होती. लपून, स्वयंपाकघरात. जिभेला बुळबुळीत पापुद्रा चढला आणि घोटभर पाणी प्याल्याशिवाय तिला राहवेना. बाबांना ते पाणीही नव्हतं. त्यांची पँट कमरेवर ठरेना, गळ्याखाली दोन खळगे पडले. पातळ द्यावं तर फुप्फुसाची भीती, दाट द्यावं तर माणूस खंगत चाललेला. इकडे आड, तिकडे विहीर.

मग एके सकाळी बाबांनी डावा हात पुढे केला.

"दे. मी... करतो."

भिरभिरं एका हाताने चालत होतं, अंगठ्याने बटण दाबलं की झालं. पहिल्या दिवशी अर्धं दूध जावयाच्या इस्त्रीच्या शर्टावर उडालं, आणि त्या घरात कित्येक दिवसांनी तिघं एकदम हसले. आजारपणानंतर बाबांनी स्वतःच्या हाताने केलेलं ते पहिलं काम होतं. आठवडाभर ती त्यांच्या खांद्याशी उभी राहून बघत राहिली. मग दारातून बघू लागली. मग पावडरीचा डबाही बाबांनी स्वतःकडे घेतला, आणि ती आतल्या खोलीत वेणी घालता घालता नुसती घूंऽऽ ऐकू लागली. त्यांच्या हातून काही होतंय तर होऊ दे, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं.

ती पर्स घेऊन बाहेर यायची तोवर टेबलावर काठोकाठ ग्लास तयार असायचा, वर पांढरीशुभ्र जाड साय बसावी तसा थर. ती काही विचारायच्या आत बाबा ग्लास तिरका करून दाखवायचे. थर जागचा हलायचा नाही.

"बघ. घट्ट."

डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे मान खाली घालून ते हळूहळू सगळा ग्लास संपवायचे. मिशांना पांढरी किनार लागायची. आ म्हणायचे. आवाज कोरडा असायचा. ग्लासही स्वतःच विसळून पालथा घालायचे, आणि ती कामावर जायला मोकळी व्हायची. बाबांचे गाल पुन्हा जरा वर आले. पँटला पट्टा लागेनासा झाला.

"मास्तर, कोपऱ्यावर तुमचं हॉटेलच टाकू या," जावई म्हणाला. "मी गल्ल्यावर बसतो."

"तू... खाऊन टाकशील," बाबा म्हणाले.

तिचे दुकानातून येणारे फोन थोडे कमी झाले. बंद झाले नाहीत.

रविवारी नवरा भाजी आणायला गेला होता. बाबांचं दूध नुकतंच पिऊन झालं होतं, इतक्यात खाली कुणीतरी जोरजोरात हॉर्न वाजवायला लागलं. बाबांचा जुना विद्यार्थी नवी गाडी दाखवायला घेऊन आला होता. "मास्तर! ओ मास्तर!" बाबा काठी टेकत गॅलरीकडे निघाले. ग्लास टेबलावरच राहिला. तिने तो उचलला आणि मोरीत नेऊन नळाखाली धरला.

पाण्याची धार पडली आणि ग्लास लख्ख झाला.

तिला आधी बरंच वाटलं. मग हातातली घासणी हातातच राहिली. पावडरीच्या दुधाचा ग्लास असा कधीच निघायचा नाही. आतून बुळबुळीत पापुद्रा धरायचा, बोटं घालून चोळावा लागायचा, तरी दुसऱ्या दिवशी काचेवर धूसरपणा राहायचा. इथे एका धारेत काच स्वच्छ. नळ वाहत होता आणि ती त्याच्याकडे बघत उभी होती.

तिने पावडरीचा डबा उघडला. आतला चमचा पावडरीत रुतून बसला होता. तिने तो ओढला, तेव्हा वरची दमट होऊन वाळलेली खपली कट्‌कन तुटली. कित्येक दिवसांत या डब्याला कुणी हात लावलेला नव्हता.

तिने दुसरा ग्लास घेतला, त्यात दूध ओतलं, नुसतं दूध, आणि भिरभिरं त्यात बुडवून बटण दाबलं. घूंऽऽ. आवाज बारीकच राहिला, जड झाला नाही. हाच बारीक आवाज ती रोज वेणी घालताना ऐकत आली होती, आणि ऐकूनही तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. फेस चढत चढत काठाशी आला. तिने ग्लास तिरका केला. थर जागचा हलला नाही. मग तिने चमच्याने तो बाजूला सारला. खाली दूध होतं, पाण्यासारखं पातळ.

गॅलरीत बाबा हसत होते. "क्लच... सोड! सावकाश!" त्यांचा आवाज खाली पोचत नव्हता, तरी ते सांगत होते.

"बाबा, आत या."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, कारण ते लगेच वळले. टेबलावर डबा, त्याच्या बाजूला ग्लास. ते दारातच थबकले, मग येऊन खुर्चीत बसले आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

"किती दिवस चाललंय हे?"

ते काठीची मूठ चोळत राहिले.

"बाबा, मी विचारतेय. किती दिवस?"

"बरेच."

"अहो, जीव गेला असता तुमचा!"

"गेला... नाही."

"तुम्हाला काय माहीत? ठसका लागत नाही म्हणून? ठसक्याशिवायच जातं ते! आत्ता या क्षणी आत साठत असेल, कळतंय का कुणाला?" तिने त्यांच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग शर्टाच्या आत छातीला. अंग थंड होतं. तिला त्याचा भरवसा वाटला नाही, तिने परत कपाळ पाहिलं. "रोज ग्लास तिरका करून दाखवायचात. रोज! चष्म्याच्या दुकानात काम करते मी, आणि माझ्याच घरात माझ्या डोळ्यांत धूळ."

बाबांच्या ओठाची चांगली बाजू जरा हलली. तिला हसू आलं नाही, तशी ती बाजूही पुन्हा सरळ झाली.

"तुम्हाला भीती कशी वाटत नाही हो?"

"वाटते."

तिने कपाळावरचा हात काढून घेतला.

"रोज," बाबा म्हणाले. "पहिला घोट... घेताना. फार." शब्द शोधायला त्यांनी डोळे मिटून घेतले. "हात... गार पडतो."

या घरातली सगळी भीती आपणच एकटीने वाहतोय, असं तिला इतके दिवस वाटत होतं. ती समोरच्या खुर्चीत बसली. खाली विद्यार्थ्याने गाडी चालू केली, दोनदा हॉर्न दिला आणि तो निघून गेला.

"मग कशाला पिता?" ती म्हणाली. आवाज चिरका निघाला.

"तोंडात... काहीतरी... खरं पाहिजे. दूध... दुधासारखं. नाहीतर... मी नुसता... सांभाळून ठेवलेला."

तिला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काहीच धड झालं नाही. तिने पदराने नाक पुसलं.

"बरं, प्यायचं तर प्यायचं. वर ही फेसाची चैन कशाला? एवढा आवडतो फेस?"

"छे. नाकात... जातो." बाबांनी डाव्या हाताने मिशी पुसली. "मला कशाला... फेस? तुझ्यासाठी तो. घट्ट दिसला की... तू निवांत... जायचीस. कामावर."

ग्लासातला फेस आता बसायला लागला होता, मधे एक खड्डा पडला होता आणि कडेचे बुडबुडे एकेक करून फुटत होते. ती ते बघत राहिली. मग डोळे पुसून ताठ बसली.

"उद्या सुट्टी घेते. डॉक्टरीणबाईंकडे जायचं. छातीचा फोटो काढायचा, गिळण्याची तपासणी परत करायची. चालेल?"

"चालेल."

"नुसतं चालेल म्हणू नका. यायचं."

"येतो गं."

"आणि त्या नाहीच म्हणाल्या तर? पावडरच घ्या म्हणाल्या तर?"

बाबांनी ग्लासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या नजरेत भीती होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

"तर तू... बघू नको."

ते एवढ्या हळू म्हणाले की ते वाक्य नसून विनवणी होती. तिने डब्याचं झाकण लावलं. परत उघडलं. परत लावलं. बाबांनी डाव्या हाताने ग्लास स्वतःकडे ओढला, पण उचलला नाही. फेस पार विरला होता, वर चार बुडबुडे उरले होते, आणि खाली दूध नुसतं, पातळ, जसं असतं तसं. हात ग्लासाला तसाच ठेवून ते थांबले. तिने दुसऱ्या खोलीत जावं म्हणून ते वाट बघत होते, हे तिला कळलं.

ती उठली. टेबलाला वळसा घालून तिने आपली खुर्ची त्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ ओढली आणि तीत बसली.

"बघणार," ती म्हणाली. "छोटा घोट घ्या."

बाबांनी मान खाली घेतली आणि ग्लास उचलला.