तिसरा थेंब

सभागृहात सहाशे माणसं होती, आणि सगळी एका सहा वर्षांच्या मुलाच्या हाताकडे बघत होती. मंचावर कवचगुरू म्हणवणाऱ्या बुवांनी त्या हातावर शेंगदाण्याचा कूट चोळला होता. तीन आठवड्यांपूर्वी याच हातावर याच कुटाने टपोऱ्या गांधी उठल्या होत्या; त्यांचा फोटो मागच्या पडद्यावर झळकत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. हात स्वच्छ. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मुलगा मात्र जांभया देत होता.

"शेंगदाणा तुमचा शत्रू नाही!" कानाला लावलेल्या माईकमधून कवचगुरू म्हणाले. "तुमच्या पेशी त्याला ओळखत नाहीत, इतकंच. दारात पाहुणा आला तर आपण भांडतो का? चहा विचारतो! मी पेशींना चहा विचारायला शिकवतो."

पुन्हा टाळ्या. पेशींनी चहा कोणत्या कपातून द्यायचा, हे कुणी विचारलं नाही.

माझ्या शेजारी वहिनी बसली होती, माझ्या धाकट्या भावाची बायको. तिच्या मांडीवर चिमणी, माझी भाची, वय वर्षं सात, गाढ झोपलेली. चिमणीला शेंगदाणा चालत नाही. म्हणजे आवडत नाही असं नाही; चालत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजींनी "एवढ्याशाने काय होतंय" म्हणून तिला शेंगदाणे घातलेल्या चॉकलेटचा तुकडा दिला होता. एवढ्याशाने तिचा श्वास अडकला आणि ओठ निळे पडले. तेव्हापासून वहिनीच्या पर्समध्ये दोन इंजेक्शनं असतात. बिस्किटाच्या पुड्यामागची मुंगीएवढी अक्षरं ती दुकानातच उभी राहून वाचते, आणि मागचे लोक खाकरतात. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला चिमणी स्वतःचा डबा नेते आणि कोपऱ्यात बसून खाते. वहिनी दाराबाहेर थांबते.

"येत्या रविवारी आपली पाळी," वहिनी म्हणाली. "साधनेचे एकवीस दिवस पूर्ण होतात. मंचावर पाच दाणे खायचे."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का?"

"ताई, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना आत्ता? मग तुम्हीच तपासा हिला. तुमच्याच सुईने."

मी अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांच्या हातावर थेंब टाकायचे, थेंबातून जरासं टोचायचं आणि पंधरा मिनिटांनी उठलेली गांध पट्टीने मोजायची. पंचवीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा चमत्कारावर विश्वास राहत नाही आणि पट्टीवर नको तितका बसतो. मी म्हटलं, आण उद्या.

दुसऱ्या दिवशी चिमणी आली, खुर्चीत बसली आणि पेंगायला लागली.

"अ‍ॅलर्जीची गोळी बंद आहे ना?" हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. गोळी चालू असली की हातावर काही उठत नाही आणि तपासणी वाया जाते.

"दोन आठवडे एकही गोळी नाही. फक्त गुरुजींची कवचपूड. मधातून, दोन वेळा."

मी तीन थेंब टाकले. पहिला नुसत्या पाण्याचा. दुसरा शेंगदाण्याचा. तिसरा हिस्टामिनचा, म्हणजे ज्याच्यामुळे गांध उठते आणि खाजतं, तोच पदार्थ. हा तिसरा थेंब कुणालाही उठतो. मला उठतो, आमच्या डॉक्टरीणबाईंना उठतो, दारावरच्या पहारेकऱ्यालाही उठेल.

पंधरा मिनिटांनी पाण्याची जागा स्वच्छ. शेंगदाण्याची स्वच्छ. वहिनीने तोंडावर हात दाबला आणि ती रडायला लागली. "उठलं नाही! ताई, उठलं नाही हो!"

मी मात्र तिसऱ्या थेंबाकडे बघत होते. तिथेही काही नव्हतं.

"वहिनी, ही बरी झालेली नाही. हिच्या पोटात गोळीच जातेय."

"अहो, गोळी बंद आहे म्हणतेय ना!"

"मग ती पुडीत आहे."

वहिनीचा चेहरा क्षणात उतरला आणि मग कडक झाला. "तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही," ती म्हणाली. हे मला लागलं. पण मी तिची पर्स उघडली आणि त्यातल्या पुडीतली दोन चमचे पूड कागदात बांधून घेतली.

शनिवारी सकाळी मी स्वतःच्या हातावर तिसरा थेंब टोचला. रुपयाएवढी गांध उठली. मग निम्मी पूड मधात कालवून खाल्ली. दुपारी पुन्हा टोचलं. काहीही नाही. घरी जाताना बसमध्ये अशी झोप लागली की दोन थांबे पुढे जाऊन उतरले. मी ना साधना केली होती, ना पेशींना चहा विचारला होता.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हाताचे सकाळ-दुपारचे फोटो बघितले आणि म्हणाल्या, "रविवारी मीपण येते."

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. मंचावर बशीत पाच दाणे मांडले होते. वहिनी चिमणीचा हात धरून निघाली, तशी मीही मागोमाग चढले.

"गुरुजी, एक शंका," मी म्हटलं. "कवच पुडीत आहे की तुमच्या कृपेत?"

"कृपेत!" कवचगुरू हसले. "पूड निमित्तमात्र. माझं स्वतःचं कवच तर जन्मजात आहे."

"अगदी कशापासूनही?"

"कशापासूनही."

"मग हा थेंब तुमच्या हातावर चालेल?"

सहाशे माणसं बघत होती. नाही कसं म्हणणार? त्यांनी अस्तनी वर केली. मी तोच तिसरा थेंब टाकून त्यांना टोचलं. शेजारी माझ्या हातावर टोचलं. सकाळीच उरलेली पूड मी खाल्ली होती. कॅमेरेवाल्याने दोन्ही हात पडद्यावर दाखवले, कारण त्याला तसंच शिकवलं होतं.

गुरुजी बोलत राहिले. तीन मिनिटांनी त्यांचं एक बोट त्या जागेकडे गेलं. पाच मिनिटांनी ते पेशींवर बोलता बोलता चक्क खाजवायला लागले. दहा मिनिटांत पडद्यावर माणसाएवढ्या हातावर लाल, टपोरी गांध दिसत होती. माझा हात स्वच्छ.

"जन्मजात कवचाला गांध," मी म्हटलं, "आणि दोन चमचे पूड खाणाऱ्या पापिणीला काही नाही. हे कसं हो?"

"आज... आज वातावरणात नकारात्मकता आहे," असं म्हणून गुरुजींनी अस्तनी खाली केली.

डॉक्टरीणबाईंनी माईक मागितला. "यांच्या पुडीत खाजेची साधी गोळी कुटलेली आहे. पुढच्या तपासणीत तिचं नावही कळेल. ती गांध आणि खाज दाबते. श्वास बंद होणं ती थांबवत नाही. यांनी आग विझवलेली नाही, फक्त घंटा बंद केलीय. आता ते पाच दाणे कुणाच्या पोराला द्यायचे ते सांगा."

पहिल्या रांगेतल्या एका बाईने आपल्या मुलाला कडेवर उचललं आणि ती दाराकडे चालायला लागली. मग दुसरी उठली. जांभया देणारी पोरं एकेक करून खांद्यावर गेली.

वहिनी मंचावरच खाली बसली. "ताई, मी स्वतःच्या हाताने भरवणार होते तिला," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. मूर्ख नव्हती हो ती. दोन वर्षं दाराबाहेर उभी राहून दमली होती.

"आत्या, म्हणजे मी बरी नाही झाले?" चिमणीने विचारलं.

"नाही, चिमणे," मी म्हटलं.

ती रडली. खूप रडली, आणि आम्ही तिला रडू दिलं.

चिमणीला अजूनही शेंगदाणा चालत नाही. कदाचित कधीच चालणार नाही. हे सांगायला मला आवडत नाही, पण हे खरं आहे, आणि हे कळलं म्हणून आज ती दुसरीतून तिसरीत गेली. तुमच्या लेकराला कुणी पूड दिली, तर पाया पडण्याआधी विचारा, आत काय आहे, आणि हे कुणी तपासलंय? उत्तर आलं नाही, तर लेकराला उचला आणि घरी या.