आधी खांब, मग दोरी

प्राप्ती हट्टी आहे, हे दिघीच्या कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण हट्टाला काही सुमार? गेल्या वर्षी सी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला आपटली, आणि आज त्याच मॅट्रिक्सच्या गणिताला ही बया पुन्हा निघाली होती, तीही अवघड वाटेनं. आज नापास झाली तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, कॉलेज संपलं. तिच्या आईनं, केसरनं, निघतानाच बजावलं होतं, "आज जमलं न्हाय तर उद्यापासून बोंबील वाळवायला वलांडीवर यायचं. बोंबील काय कुणासाठी थांबत न्हाय."

"दहा बाय दहाचा ठोकळा अॅरे टाक आणि मोकळी हो," आगरदांड्याच्या फेरीबोटीवर मैत्रीण कल्पिता म्हणाली. "मॅलॉकच्या नादी लागलीस म्हणून तर गेल्या वर्षी कपाळमोक्ष झाला."

"प्रश्नात काय मागतात? वापरणारा सांगेल तेवढीच मेमरीतली जागा, प्रोग्रॅम चालू असताना मॅलॉकनं मागून घ्यायची. तुझं म्हणजे चार माणसं जेवायला आणि शंभर पानं मांडायची. न्हाय करणार."

"मर मग!"

"मरते."

लॅबमध्ये प्रश्न तोच निघाला: कुठल्याही मापाच्या दोन मॅट्रिक्स घ्या, गुणाकार करा. प्राप्तीनं भराभर लिहिलं. तीन बाय तीनच्या मॅट्रिक्स घालून पाहिल्या, उत्तर चोख आलं. तिनं ऐटीत हात वर केला. बाहेरून आलेले परीक्षक सर शेजारी येऊन बसले. हसायचं म्हणजे पगारातून कापतात, असा त्यांचा चेहरा. त्यांनी चार ओळी, दोन स्तंभ असं माप दिलं आणि एकेक आकडा टाकायला लागले. चार आकडे नीट गेले. पाचव्याला प्रोग्रॅमनं मान टाकली.

"सेगमेंटेशन फॉल्ट," सरांनी वाचलं. "म्हणजे तुझी नसलेली जागा वापरतेयस. वेळ संपेपर्यंत सापडलं तर बोलाव. नाहीतर हे असंच धरतो."

गेल्या वर्षी अगदी हेच झालं होतं, आणि का झालं ते प्राप्तीला आजवर कळलं नव्हतं. "अगं, ठोकळा टाक, अजून वेळ आहे," मागून कल्पिता कुजबुजली. डोळ्यांत पाणी आलंच होतं, ते तिनं ओढणीनं खसकन पुसलं. रडायचं ते बोटीवर, इथे नाही.

तीन बाय तीनला चालतं आणि चार बाय दोनला का मरतं? तिनं कोऱ्या कागदावर चार ओळी, दोन स्तंभ काढायला घेतले. हातानं आधी दोन उभ्या रेघा मारल्या, मग त्यांवर चार आडव्या. आणि पेन तिथंच थांबलं.

ही तर वलांडी! बोंबील वाळत घालायची वलांडी उभारताना खांब आधी रोवतात, मग त्यांवर दोऱ्या ताणतात. लहानपणापासून पुळणीवर आईची एकच हाक, "खांब किती?" दोऱ्यांचं आधी कुणी विचारतच नाही. प्राप्तीनं प्रोग्रॅममध्येही तसंच केलं होतं. उभे स्तंभ जितके, तितक्यांसाठी आधी जागा मागितली होती. खाली आकडे भरताना मात्र पुस्तकाप्रमाणे आडव्या ओळी धरल्या होत्या. खांब दोनच, आणि ती तिसऱ्या ओळीत आकडा टांगायला गेली. तिथं काही नव्हतंच! तीन बाय तीनमध्ये खांब आणि दोऱ्या सारख्याच, म्हणून चोर लपून राहिला होता.

"गाढव आहेस, प्राप्ते," ती मोठ्यानं म्हणाली. दोन-चार मुलांनी वळून पाहिलं. बघेनात का! आधी ओळी, मग प्रत्येक ओळीला तिचे स्तंभ, अशी तिनं अदलाबदल केली. जागा परत करतानाची मोजणीही ओळींची केली. मग सरांना बोलावलं.

सरांनी चार बाय दोन टाकलं, मग दोन बाय तीन. पाचवा आकडा गेला, सहावा गेला, आणि चार बाय तीनचं उत्तर पडद्यावर सरळ उभं राहिलं. सरांनी शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. "जागा परत करताना आधी एकेक ओळ सोडलीस, ओळींना धरून असलेला मुख्य अॅरे शेवटी. पाठ केलंस?"

"न्हाय, सर. आमच्याकडे वलांडी मोडताना आधी दोऱ्या सोडतात. खांब आधी उपटला तर दोऱ्या वाळूत जातात. मग बसा शोधत."

सरांना वलांडी म्हणजे काय ते माहीत असावं, कारण ते चक्क हसले. "पास आहेस. जा."

संध्याकाळी दिघीच्या पुळणीवर केसर खांब रोवत होती. तिनं मान वर केली नाही. "मग? उद्यापासून येशील ना वलांडीवर?"

"आजच आले. उद्या तिसऱ्या वर्षाला नाव घालायला जायचंय."

केसरचे हात थांबले. तिनं पदराला डोळे पुसले आणि लगेच खेकसली, "मग उभी काय ऱ्हायलीस? धर! खांब किती घालूया?"

"आधी दोऱ्या किती ते सांग, आये," प्राप्ती म्हणाली आणि हसत हसत रडायला लागली.