जाड तेल

खटकचिंचोळीत माझं ऑइलचं दुकान आहे. तूरडाळीचा ट्रक घेऊन लेहला निघालेल्या बंडेप्पानं विचारलं, "माउली, तिकडं लई थंडी हाय म्हणं. इंजनात, गिअरात कुठलं तेल टाकू?"

"थंडीत पातळ चादर घेतोस का जाड गोधडी? जाडच टाक की!"

लेहला तेल तुपासारखं थिजलं. ट्रक पाच दिवस हलला नाही. इकडं त्याच्या लेकीचं बारसं. नाव त्यानं मनातच ठेवलेलं, आणि फोन लागेना.

"दोस्ताच्या मनातलं तुलाच ठावं असंल," बायका मला म्हणाल्या.

माझ्या डोक्यात नुसती थंडी. मी "शीतल" म्हणालो.

थंडीला पातळ तेल लागतं, हे डब्यावरच लिहिलेलं होतं. मी नंतर वाचलं.

बंडेप्पा लेकीला अजून नावानं हाक मारत नाही. मलाही मारत नाही.