चौथी हाक

नानासोनं आपल्या दोन्ही पोरींना शाळेत घालायच्या आधी रात्रीचं चालणं शिकवलं होतं. दुसरं काही शिकवण्याएवढं त्याला येतही नव्हतं. पण रात्रीच्या बाबतीत तो स्वतःला मास्तर समजायचा, आणि तसं समजायचा त्याला हक्क होता. तरणेपणी म्हसवडच्या माळावरून मेंढरं घेऊन कृष्णाकाठापर्यंत त्यानं कितीतरी रात्री पायाखाली घातल्या होत्या. कळप पुढं, कुत्रं बाजूला आणि सगळ्यात मागं हा. याच्या मागं नुसता अंधार. त्या अंधारातून कुणी हाक मारली तर काय करायचं ते त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं, आणि त्यानं ते जसंच्या तसं पोरींना सांगितलं.

"मागनं हाक आली तर वळायचं न्हाई. ओ द्यायची न्हाई. निस्तं पाय उचलायचं. भूत असू दे न्हाईतर चोर असू दे, तीनच्या वर हाक मारत न्हाई. चवथी हाक आली तर समजायचं, माणूस हाय. मगच वळायचं."

पोरींनी त्याचा खेळच करून टाकला. थोरली अपेक्षा अंगणात पुढं चालायची, धाकटी समीक्षा मागून आवाज बदलून हाका मारायची. चौथ्या हाकेच्या आत जी वळेल तिला भुतानं खाल्लं. अपेक्षाला भुतानं कधीच खाल्लं नाही. धाकटी रडकुंडीला यायची, तरी थोरली वळायची नाही. भामाबाई चुलीपुढून ओरडायची, "दिवं लागायच्या टायमाला कसलं गं हे भुताचं खेळ!" नानासो मात्र ओट्यावर बसून मिशीतल्या मिशीत हसायचा. पोर आपल्या वळणावर गेली म्हणून त्याला कोण आनंद व्हायचा.

अपेक्षा आयटीआय करून साताऱ्याला एमआयडीसीत लागली. दुसरी पाळी सुटली की कंपनीची बस तिला पावणेबाराला नाक्यावर सोडायची. तिथून खोलीपर्यंत पंधरा मिनिटांची वाट. निम्म्या वाटेवर दिवे, निम्म्या वाटेवर नवी बांधकामं आणि काळोख. खोलीतल्या दोघी पहिल्या पाळीला, म्हणजे सोबत कुणी नाही. सुरुवातीचे पंधरा दिवस ती खोलीवर पोचल्याचा फोन येईपर्यंत नानासो अंथरुणाला पाठ टेकत नव्हता. ज्याला माळावरच्या लांडग्याचं काही वाटलं नाही, त्याला साताऱ्याच्या त्या पंधरा मिनिटांनी पार घायकुतीला आणलं.

कंपनीत एक मॅडम येऊन पोरींना समजावून गेल्या होत्या. उजेडातून चाला, फोन हातात ठेवा, अमक्या नंबरवर कळवा. अपेक्षानं ते सगळं फोनवर सांगितलं तेव्हा नानासो म्हणाला, "त्ये बी कर. पन माजं ध्येनात हाय न्हवं?"

"हाय की, आप्पा," ती हसून म्हणाली.

आणि एकदा खरंच त्याचं कामाला आलं. गाडीवरून दोन पोरं मागून आली, "ओ मॅडम, सोडू का?" असं दोनदा ओरडली. अपेक्षानं मान वळवली नाही, पाय उचलले. पोरं थोडा वेळ मागून आली आणि कंटाळून निघून गेली. हे कळल्यावर नानासोनं चहाच्या गाड्यावर चार जणांना गाठून सांगितलं, की मेंढरामागची विद्या साताऱ्यातसुद्धा चालते. ऐकणारे ऐकून घेत होते. त्या रात्रीपासून त्याला झोप लागायला लागली. माणसाला बिनघोर झोपायला एवढंसं कारण पुरतं.

एप्रिलात एका रात्री साताऱ्याकडं वळवाचा पाऊस झाला. म्हसवडला त्याचा थेंबही नव्हता. एक वाजता फोन वाजला, आणि पलीकडं अपेक्षा नव्हती, पोलीस होता.

शॉक लागला होता. एका बांधकामावर ओढलेली वायर वाऱ्यानं तुटून रस्त्यातल्या पाण्यात पडली होती, आणि ती त्या पाण्यात पाय घालून गेली. खोली तिथून शंभर पावलांवर होती. नानासो पहाटे कुणाच्यातरी जीपमधून पोचला तेव्हा तिला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं होतं. चादरीच्या बाहेर राहिलेल्या पायात एकच चप्पल होती. दुसरी कुठं आहे, असं तो तीन जणांना विचारत फिरला. कुणालाच सांगता आलं नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. मग एका संध्याकाळी नानासो एकटाच एसटीनं साताऱ्याला गेला. ती जागा त्याला बघायची होती. बघून काय करणार, हे भामाबाईनं विचारलं नाही आणि त्यालाही माहीत नव्हतं. अंधार पडल्यावर तो नाक्यावरून निघाला आणि पोरीची वाट चालत गेला. बांधकामाच्या फाटकापाशी खुर्ची टाकून एक म्हातारा वॉचमन बसला होता. त्यानं या माणसाचा फेटा बघितला, सुतकात उतरवलेली मिशी बघितली, आणि खुर्ची सोडून उभा राहिला.

"तुमी तिचं वडील?"

नानासोनं मान हलवली.

"बसा. मी मौला. त्या रातीला मीच हुतो हितं."

त्यानं खुर्ची पुढं केली आणि आपण वाळूवर बसला. मग मौलाच बोलायला लागला. हे कुणालातरी सांगायला तो इतके दिवस थांबला होता, असं त्याच्या आवाजावरून वाटत होतं.

"वायर तुटल्याली मी बघितली वो. ठिणग्या उडाल्या. आत मेन स्विच हाय, तिकडं निघालो, तवर ही पोर फाटकावरनं पुढं गेल्याली. मी मागनं हाक मारली, 'ओ ताई!' तशी ती भराभरा चालाय लागली. परत हाक मारली, 'ताई, थांबा!' तर ती पळायच लागली. मला गुडघ्यामुळं पळता येत न्हाई. तिसऱ्यांदा बोंबललो, सगळी गल्ली उठावी असा, पन घाईत 'वायर' म्हनायचं सुचलंच न्हाई. ती वळलीच न्हाई. मग म्हनलं, आता स्विच गाठावा. स्विचवर हात ठिवला आन भाईर तिचा आवाज आला."

नानासो खुर्चीतून पुढं वाकला.

"किती हाका मारल्या म्हनला?" त्यानं विचारलं.

"तीन. तीन मारल्या."

"तीनच?"

"स्विचकडं जायचं हुतं न्हवं," मौला म्हणाला. आपल्यालाच बोल लागतोय असं वाटून त्यानं मान खाली घातली. "पोलिसांनी बी लय इचारलं. त्यास्नी वाटलं, मीच तिच्या मागं लागलो. तिला बी तसंच वाटलं असंल. मला तिच्याएवढी नात हाय, आवं. मला एवढंच सांगा, एवढं वरडून बी ती वळली का न्हाई?"

ते सांगू शकणारा माणूस सगळ्या साताऱ्यात एकच होता, आणि तो मौलाच्या खुर्चीत बसला होता. त्यानं तोंड उघडलं. 'मी शिकवलं हुतं,' एवढे तीनच शब्द बोलायचे होते. पण ते काही केल्या बाहेर येईनात.

"तिला आयकू आलं नसंल," नानासो म्हणाला.

"आलं हुतं," मौला म्हणाला. "आयकू आलं म्हनूनच पळाली ती."

नानासो उठला. मौला त्याला सोडायला नाक्यापर्यंत लंगडत आला. एसटी सुटली तरी तो तिथंच उभा होता. एका निरपराध माणसाला आपण जन्मभराच्या घोरात ठेवून चाललोय, हे नानासोला कळत होतं. कळूनही तो खाली उतरला नाही, आणि त्याबद्दल त्यानं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही.

घरी आल्यावर भामाबाईनं ताट वाढलं. तो म्हणाला, "वॉचमननं हाका मारल्या हुत्या तिला. तीन." भाकरी देता देता भामाबाईचा हात थांबला. मग तिनं भाकरी ताटात ठेवली आणि ती आत गेली. यावर ती त्या दिवशी काही बोलली नाही आणि नंतरही कधी टोचून बोलली नाही. चार लोकांत तिनं त्याच्या नावानं शिमगा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

ऑगस्टात समीक्षाचा नंबर सांगलीला नर्सिंगला लागला. हॉस्टेल होतं, पण पुढं रात्रीच्या ड्युट्या होत्या, आणि ड्युटीनंतर चालत यायचं होतं. पाठवू नये असं नानासोला वाटत होतं. पण पोरीला घरात कोंडून ठेवायचं तरी कुठल्या तोंडानं? निघायला एक दिवस राहिला तरी त्याला तिच्याशी बोलायला सुचेना. जे सांगायचं ते तेरा-चौदा वर्षांपूर्वीच सांगून झालं होतं.

निघायच्या आदल्या रात्री ती दुकानातून साबण आणायला गेली. लाइट गेली म्हणून नानासो बॅटरी घेऊन तिच्या मागून निघाला. पुढं अंधारात ती चालताना दिसली.

"समे," त्यानं हाक मारली.

ती चालत राहिली.

"समीक्षा!"

तिची पावलं भराभर पडायला लागली. तोही मागून पळायला लागला.

"आगं ये, थांब!"

ती थांबली नाही. रस्त्यावर काही नव्हतं, पाणी नव्हतं, वायर नव्हती, तरी त्याला पुढचं सगळं दिसलं. तो जीव खाऊन ओरडला, "समे!"

चौथ्या हाकेला ती वळली.

"आप्पा, तुमी हाय व्हय?" ती म्हणाली. "चवथी हाक आली न्हवती म्हनून वळले न्हाई."

तो धापा टाकत तिच्यापाशी आला आणि त्यानं तिचा दंड धरला. "हिथनं फुडं पयल्याच हाकेला वळायचं," तो म्हणाला. "आयकलंस? पयल्याच. मी सांगितलेलं समदं इसर."

समीक्षानं अंधारात त्याच्या तोंडाकडं बघितलं. तिला सगळं माहीत होतं. आईनं तिला केव्हाच सांगितलं होतं.

"वळते," ती म्हणाली. "आन वंगाळ माणूस असला तर?"

नानासोनं बॅटरी बंद केली, कारण त्याचं तोंड तिला दिसू नये असं त्याला वाटलं. मग साबणाची पिशवी सावरून ती घराकडं निघाली, आणि नानासो हाक न मारता तिच्या मागून चालत राहिला.