भाव चढला, पंप थांबला नाही

जमिनीखालचे तेल वर ओढणारा एक म्हातारा पंप मी, मित्रांनो, आणि आज माझे डोके तापले आहे. लोखंडाचे असले तरी तापते.

ओतकामाच्या कारखान्यात मी जन्मलो. तेलविहिरीवर मला उभे केले तेव्हा लोक माझ्याशेजारी फोटो काढून घेत. माझा लांब दांडा दिवसभर मान डोलावतो, म्हणून कामगारांनी मला ‘होयबा’ म्हणायला सुरुवात केली. ऑफिसात त्या नावाचे दावेदार कमी नव्हते, पण मिळाले मला.

माझी देखभाल दोघांकडे होती. एक मिस्त्री आणि दुसरा त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. मेव्हणा मला ग्रीस भरी. रीत साधी होती. आधी पंप थांबवायचा, मगच दांड्याखाली शिरायचे.

मग तेलाचा भाव पडला. नेमके तेव्हाच माझ्या दांड्याचे बेअरिंग कुरकुरू लागले. मिस्त्रीने नवे मागितले. साहेब म्हणाले, “आत्ता कुठले पैसे? भाव चढू दे, मग बघू.”

भाव चढला! आता हिशेब नीट ऐका, मोठी माणसे तो उगाच अवघड करून सांगतात. एक पिंप तेल काढायला मला काल जेवढी वीज लागत होती, तेवढीच आज लागते. मजुरीही तीच. विकायचा भाव मात्र दुप्पट. म्हणजे कर वगैरे भरूनही कंपनीच्या हातात रोकड खुळखुळू लागली. त्यातून आधी कर्ज फिटले. मग भागधारकांना लाभांश, म्हणजे नफ्यातला वाटा, जाहीर झाला. उरलेल्या पैशांत कंपनीने बाजारातून स्वतःचेच शेअर विकत घेतले. शेअर कमी झाले, तसा राहिलेल्यांचा वाटा फुगला. सगळ्यांच्या ताटात पडले. माझ्या बेअरिंगला ताटच मांडले नव्हते.

“आत्ता पंप बंद?” साहेब मिस्त्रीवर ओरडले. “दोन दिवसांचं तेल बुडवतोस? भाव उतरू दे, मग बघू.”

पडला तर पैसा नाही, चढला तर सवड नाही. वा रे कारभार! वर नवा हुकूम निघाला, की ग्रीससुद्धा चालू पंपातच भरायचे.

मिस्त्री हटून बसला, तेव्हा साहेबांनी शक्कल लढवली. कामगारांनाही बोनस म्हणून थोडे शेअर मिळाले होते. सगळ्यांना शेडमध्ये जमवून साहेब मधाळ आवाजात म्हणाले, “तुम्हीसुद्धा मालकच की! तुम्हीच ठरवा. लाभांश मिळेपर्यंत पंप चालू ठेवायचा असेल, त्यांनी हात वर करा.”

पहिला हात मेव्हण्याचा.

“भावोजी, बघताय काय? ताईला स्वयंपाकघर मोठं करायचंय ना?”

“अरे शहाण्या, खाली तूच शिरणार आहेस!”

“मी निसटेन कुठूनही. माझं पोट काय तुमच्यासारखं पिंपाएवढं आहे?”

सगळे खो खो हसले. मिस्त्रीही हसला. आणि हसता हसता त्यानेही हात वर केला.

लाभांशाच्याच आठवड्यात बेअरिंग फुटले. मेव्हणा खाली ग्रीस भरत होता. दांडा कलंडला. मेव्हणा खरेच निसटला, पण त्याचा उजवा पाय निसटला नाही. मला थांबता आले नाही, मित्रांनो. माझे बटण माझ्या ताब्यात कधीच नव्हते. ज्यांच्या ताब्यात होते, त्यांची तर दहाही बोटे लाभांश मोजण्यात गुंतली होती.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्या दिवशी शेअर जरासा घसरला आणि संध्याकाळी सावरला. मेव्हणा अजून सावरलेला नाही. लाभांश मात्र अगदी वेळेवर आला. नवे बेअरिंग दोन दिवसांत बसले, भाव चढाच होता, आणि कंपनी काही बुडाली नाही. मग हे दोन दिवस आधी कोणी दडवून ठेवले होते?

परवा शेजारचा पंप कुरकुरला. साहेबांनी पुन्हा सगळ्यांना शेडमध्ये बोलावले. मिस्त्री तिकडे फिरकलाच नाही. सरळ त्या पंपाच्या विजेच्या पेटीपाशी गेला, खटका पाडला, पेटीला कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली.

साहेब धावत आले. “कोणाला विचारलंस?”

“मागच्या वेळी विचारलं होतं, साहेब. सगळे हो म्हणाले.”

मित्रांनो, उद्या तुम्हीही कशाचे ना कशाचे भागीदार व्हाल. नफा जरूर घ्या. पण यंत्र कुरकुरले, तर आधी ते थांबवा, मते नंतर मोजा. आज शेजारचा पंप गप्प उभा आहे. त्याच्या दांड्याखाली शिरलेला माणूस संध्याकाळी घरी जाईल आणि दोन्ही पाय पसरून बसेल.